डिस्टॉर्शन काढल्यावर त्याची कामं कोण करणार?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुमचा चौघांचा बँड आहे: दोन गिटार, बेस आणि ड्रम्स, गायक त्यातलीच एक गिटार वाजवतो. पहिले दोन अल्बम जोरकस होते, सगळीकडे डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला, खरखरीत आवाज. तिसऱ्यासाठी सुचलेली बहुतेक गाणी मात्र संथ आणि मवाळ आहेत. डेमो करताना तुम्ही अँपचा गेन, म्हणजे आवाज फाटवणारा जोर, उतरवला, काही ठिकाणी अकूस्टिक गिटार घेतली, आणि गाणी मवाळ होण्याऐवजी पोकळ वाटायला लागली. ड्रमरला धास्ती आहे की लोक म्हणतील, हे आता थकले. मिक्समध्ये, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवताना, यावर काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी बँडची गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करतो, आणि याच वळणावर आलेल्या अनेक बँडबरोबर काम केलं आहे. म्हणून आधी स्पष्ट सांगतो: मिक्सला बसेपर्यंत हा प्रश्न सुटलेला असायला हवा. तुमच्या जुन्या गाण्यांत डिस्टॉर्शन एकटं चार-पाच कामं सांभाळत होतं. ते काढलंत, पण त्याची कामं कोणालाच वाटून दिली नाहीत. पोकळपणा येतोय तो तिथून.

सगळ्यात मोठं काम स्वर धरून ठेवण्याचं. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेल्या, गिटारचा आवाज तार छेडताक्षणी सर्वांत मोठा असतो आणि लगेच उतरायला लागतो. डिस्टॉर्शनमध्ये सिग्नलचे उंच माथे कापले जातात, त्यामुळे मोठ्या आणि लहान आवाजातला फरक बुजतो, आणि विरत चाललेला स्वरही बराच वेळ जवळपास तेवढाच ठळक ऐकू येतो. आता टेम्पो बघा. १४० च्या टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १४० ठोके असताना, चार ठोक्यांचा एक बार पावणेदोन सेकंदांच्या आत संपतो. ७० च्या टेम्पोला त्याच बारला जवळजवळ साडेतीन सेकंद लागतात. म्हणजे गाणं संथ केल्यामुळे तुम्हाला दुप्पट लांब स्वर हवा होता, आणि नेमका त्याच वेळी स्वर लांबवणारा माणूस तुम्ही घरी पाठवला. बारच्या उत्तरार्धात जी मोकळी जागा ऐकू येते, ती हीच.

ती भरायचे मार्ग बरेच आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) एकदम मारण्याऐवजी एकेक तार सुटी वाजवली तर तोच कॉर्ड बारभर पसरतो. ऑर्गन किंवा चेलोसारखं वाद्य लांब स्वर सहज धरतं. गायकाच्या मागे साध्या ‘आ’काराची हार्मनी ठेवली तरी काम होतं. आणि काही वेळा ती जागा मोकळीच ठेवायची असते. पण तेव्हा ती ठरवून ठेवलेली आहे हे ऐकणाऱ्याला जाणवलं पाहिजे, म्हणजे सगळ्यांनी एकत्र थांबायला हवं. निर्वाणा या रॉक बँडचा नोव्हेंबर १९९३ मधला अनप्लग्ड कार्यक्रम या दृष्टीने पुन्हा ऐका. तिथे काही गाण्यांत एक चेलो आहे. तो सोलो वाजवत नाही, नजरेत भरत नाही, पण एरवी फझ (डिस्टॉर्शनचाच आणखी घोगरा प्रकार) आणि डिस्टॉर्शन जो लांब स्वर धरायचे, तो आता त्याच्याकडे आहे. शिवाय त्यांच्या गायकाची, कर्ट कोबेनची, अकूस्टिक गिटारही अँप आणि इफेक्ट पेडलमधून जात होती. ‘अनप्लग्ड’ नावाच्या कार्यक्रमातही त्यांनी गिटारला पूर्ण एकटं सोडलं नाही.

दुसरं काम हार्मनीचं, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या मेळाचं आहे, आणि माझ्या मते तुमची खरी गोची इथेच झाली असावी. तुमची जुनी गाणी जवळपास सगळी पॉवर कॉर्डवर उभी आहेत असं तुम्ही लिहिलंय. पॉवर कॉर्डमध्ये मूळ स्वर आणि त्याचा पंचम, एवढंच असतं, गंधार नसतो. जोरदार डिस्टॉर्शनमध्ये हे शहाणपणाचंच असतं, कारण स्वर एकमेकांत मिसळून नवे स्वर तयार होतात, आणि त्यात गंधार घातला की गिचमिड होते. मूळ स्वर आणि पंचम यांच्यातून मात्र जे तयार होतं ते भरीव ऐकू येतं. पण डिस्टॉर्शन काढा, आणि दोन स्वरांचा तो कॉर्ड ओका पडतो. आता तिथे गंधार लागतो, आणि गंधार घ्यायचा म्हटलं की तो शुद्ध की कोमल, म्हणजे कॉर्ड मेजर की मायनर, हे ठरवावं लागतं. गाण्याचा भाव त्यावरच ठरतो. जोरकस गाण्यांत हा निर्णय तुम्ही गायकाच्या चालीवर सोडून देऊ शकत होता. आता तो तुमच्या बोटांवर आलाय.

म्हणून गिटार हातात घेण्याआधी एक काम करा. गायकाची चाल नुसती गाऊन घ्या, आणि प्रत्येक कॉर्डवर तो नेमक्या कोणत्या स्वरावर रेंगाळतो ते लिहून काढा. तो गंधारावरच असेल तर गिटारने तो पुन्हा वाजवायची गरज नसते; तिथे षड्जाच्या वरचा रिषभ किंवा सातवा स्वर घेतलात तर रंग भरतो. तो पंचमावर असेल तर गंधार गिटारने द्यायलाच हवा. दोन गिटार आहेत, तर दोघांनी एकच कॉर्ड एकाच जागी धरू नये. एकाने खालच्या फ्रेट्सवर, दुसऱ्याने वरच्या फ्रेट्सवर किंवा कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून त्याच कॉर्डचं दुसरं रूप वाजवावं. एवढ्यानेच निम्मा पोकळपणा जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. डिस्टॉर्शनच्या काळात दोन गिटारींनी तेच वाजवलं की भिंत उभी राहायची. क्लीन गिटारींनी तेच वाजवलं तर एकच गिटार थोडी बेसूर झाल्यासारखी वाटते.

आता बेस. जड गिटारी साधारण १०० ते ४०० हर्ट्‌झचा पट्टा व्यापून बसतात, त्यामुळे तुमच्या बेसवाल्याला आजवर फक्त तळ धरावा लागला असेल, तोही पिकने, खडखडीत, म्हणजे गर्दीत ऐकू यावा. आता तो पट्टा रिकामा आहे. त्याला बोटांनी वाजवू द्या, स्वर पूर्ण लांबीचे धरू द्या, मधूनमधून चालीला उत्तर देऊ द्या. मवाळ अल्बममध्ये सर्वांत जास्त बढती बेसला मिळते, आणि बहुतेक बँड ती द्यायला विसरतात.

ड्रम्सचं काम याहून अवघड. तुमचा ड्रमर जोरात वाजवणारा आहे. त्याला नुसतं ‘हळू वाजव’ म्हणू नका. जोरात मारणाऱ्याचा हात काडीच्या उसळीवर चालतो. जोर काढला की उसळी कमी होते आणि लय ढिली पडते. मग सगळ्यांना वाटतं की गाणं झोपलं. त्यापेक्षा हाताच्या जोराला फार हात न लावता वाद्य बदला. रॉड्स (बारीक काड्यांच्या जुड्या) किंवा ब्रश द्या, स्नेअरवर (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर) कापड टाका, स्नेअर थोडा खाली ट्यून करा, चकचकीत सिंबलच्या जागी जाड नसलेले, गडद आवाजाचे सिंबल लावा, आणि क्रॅश, म्हणजे ठणठणीत फुटणारा सिंबल, जितका टाळता येईल तितका टाळा. निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल याच्यासारख्या दणदणीत वाजवणाऱ्याच्या हातातही त्या अनप्लग्ड कार्यक्रमात ब्रश होते. हात तोच राहिला, वाद्य बदललं. बँडची ओळख अनेकदा ड्रमर ठोका किंचित पुढे टाकतो की मागे, यात असते. ती टिकवायची असेल तर त्याला अवघडून वाजवायला लावू नका.

गायकाबद्दल एक गोष्ट जवळपास प्रत्येक वेळी दिसते: गाण्याची पट्टी जुन्या सवयीने ठरलेली असते. गिटारींच्या वर ऐकू यायचं म्हणून रॉक गायक वरच्या स्वरांत गातो, कारण साधारण २ ते ५ हजार हर्ट्‌झच्या भागात कान सर्वांत तीक्ष्ण असतो आणि ताणलेल्या आवाजात तिथली ऊर्जा भरपूर असते. मागे गिटारी शांत असताना तोच ताण ओरडल्यासारखा वाटतो. आणि त्याच पट्टीत हळू गायला गेलं तर आवाज फाटतो किंवा हवाच जास्त येते. प्रत्येक गाणं दोन, तीन, चार सेमीटोन (अर्धे स्वर) खाली घेऊन पाहा. कोणती पट्टी बरोबर, हे त्या गळ्यावर अवलंबून आहे, बाहेरून सांगता येत नाही. गायक शब्दांवर लक्ष देऊ लागला आणि स्वर गाठण्याची चिंता त्याच्या चेहऱ्यावरून गेली, की पट्टी सापडली. रेकॉर्डिंगला तो माईकच्या जवळ येईल. दिशा धरणारे माईक जवळून खालचे स्वर वाढवतात, त्यामुळे आवाजाला ऊब येते. पण श्वास, ओठांचा आवाज, खुर्चीची कुरकुर, तारेवर घासलेलं बोट हे सगळंही येतं. डिस्टॉर्शन ज्या चुका झाकत होतं, त्या आता उघड्यावर असतील. तालमीला जास्त वेळ ठेवा. मवाळ अल्बम लवकर रेकॉर्ड होईल हा समज काढून टाका.

तुमच्या डेमोच्या पोकळपणातला एक भाग मात्र भास असू शकतो. नवा डेमो तुम्ही मास्टर झालेल्या, म्हणजे शेवटचा हात फिरवून आवाज वाढवलेल्या, जुन्या अल्बमशेजारी लावून ऐकत असणार. कमी आवाजात कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलं होतं. म्हणजे हळू वाजणारं रेकॉर्डिंग आपोआप पातळ वाटतं, त्यात दोष असो वा नसो. तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा होईल असा लावून घ्या, मगच मत बनवा. आणि मास्टरिंगला नवा अल्बम जुन्याइतका चेपून (म्हणजे चढउतार सपाट करून) मोठा करायचा हट्ट धरू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणून वाजवतात, त्यामुळे चेपलेलं गाणं खाली ओढलं जातं. चेपून काही मिळत नाही, आणि मवाळ गाण्यात जे चढउतार हवे होते ते मात्र जातात.

इथवर मी वाद्यांची कामं वाटली. मवाळपणा वाद्याच्या निवडीतून येतो असा जो समज आहे, तो मात्र मला मान्य नाही. रोलिंग स्टोन्सचं १९६८ मधलं ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ ऐका. त्यात बेस सोडला तर इलेक्ट्रिक गिटार नाहीच. त्यांचा गिटारवादक कीथ रिचर्ड्‌सने अकूस्टिक गिटार एका छोट्या फिलिप्स कॅसेट रेकॉर्डरवर मुद्दाम इतकी मोठी रेकॉर्ड केली की आवाज फुटला, आणि गाणं अंगावर येतं. उलट बाजूनेही हे खरं आहे. अँप, इलेक्ट्रिक गिटार, पूर्ण ड्रमसेट ठेवूनही अल्बम मवाळ होऊ शकतो. ओपेथ या स्वीडिश बँडने २००२ आणि २००३ मध्ये दोन अल्बम काढले, ‘डिलिव्हरन्स’ आणि ‘डॅम्नेशन’. दोन्ही एकाच काळात रेकॉर्ड झाले, माणसं तीच. पहिला प्रचंड जड आहे. दुसऱ्यात एकही गुरगुरणारा आवाज नाही, आणि मेलोट्रॉनचे (टेपवर रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे) लांब स्वर आहेत. पण कॉर्ड एकातून दुसऱ्यात सरकण्याची त्यांची अंधारी पद्धत दोन्हीकडे सारखी आहे, म्हणून ‘डॅम्नेशन’ ऐकताना बँड ओळखू येतो. बँडची ओळख डिस्टॉर्शनमध्येच असती तर हे शक्यच नव्हतं.

आणि मिक्सबद्दल मी सुरुवातीला जे म्हणालो, त्याला एक चांगला पुरावा आहे. वेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडचा १९६८ चा दुसरा अल्बम कानठळ्या बसवणारा होता. १९६९ चा तिसरा एकदम कुजबुजता. मधल्या काळात जॉन केल बाहेर पडला आणि डग यूल आला, गाणी बदलली. त्या तिसऱ्या अल्बमचे दोन मिक्स प्रसिद्ध आहेत. एक ध्वनिमुद्रक व्हॅल व्हॅलेंटिनचा. दुसरा बँडचा गायक लू रीडने स्वतः केलेला, ज्यात गाणारा आवाज पुढे आणि वाद्यं मागे आहेत. दोन्ही ऐका. गायक तुमच्यापासून किती लांब बसला आहे, एवढं बदलतं. अल्बम दोन्हींत तितकाच मवाळ आहे, कारण तो वाजवला गेलाच तसा.

आता ज्या गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या. पहिली म्हणजे तुम्ही मवाळ का होताय. गाणीच तशी सुचली असतील, तर मार्ग सोपा आहे. गायकाचा गळा जोर सहन करत नसेल, तर आधी गळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. हळू गाणं हा त्यावरचा उपचार नाही, उलट चुकीच्या पद्धतीने कुजबुजत गायल्याने गळ्यावर जास्त ताण येऊ शकतो. आणि ‘अशी गाणी जास्त चालतात’ हे कारण असेल, तर मी तुम्हाला थांबा म्हणेन. अशा अल्बममध्ये रिफवर (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर) बेतलेली गाणी ओढूनताणून हळू केलेली असतात आणि ती ऐकणाऱ्याला कळतात. ‘चांगलं गाणं एका गिटारवरही उभं राहतं’ असं सर्रास म्हटलं जातं. मी ते पूर्ण मानत नाही. ज्या गाण्याचा जीव रिफमध्ये आहे, ते एका अकूस्टिक गिटारवर पडणारच, आणि तो त्या गाण्याचा दोष नव्हे. असं एखादं गाणं तुमच्या नव्या संचात असेल तर ते जोरातच राहू द्या.

त्यातून ड्रमरच्या धास्तीलाही उत्तर मिळतं. ‘लेड झेपलिन ३’ हा १९७० चा अल्बम आठवा. बँडचे गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट वेल्समधल्या वीज नसलेल्या एका कॉटेजमध्ये राहून आले होते, आणि अल्बमची दुसरी बाजू बरीचशी अकूस्टिक झाली. पण अल्बम सुरू होतो तो त्यांच्या अतिशय आक्रमक गाण्यांपैकी एकाने. जुन्या श्रोत्याला आधी दारात ओळखीचा माणूस भेटतो, मग तो आत येतो. ॲलिस इन चेन्स या बँडने १९९३ मध्ये जेमतेम आठवड्याभरात रेकॉर्ड केलेला ‘जार ऑफ फ्लाइज’ हा बराचसा अकूस्टिक ईपी (अल्बमपेक्षा छोटा संच) १९९४ च्या जानेवारीत बाहेर पडला आणि बिलबोर्ड २०० या अमेरिकन अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. तोवर कोणत्याही ईपीला ते जमलं नव्हतं. त्यांचं आधीचं काम काळंकुट्ट आणि जड होतं, आणि नव्या गाण्यांतही त्यांचे गायक लेन स्टेली आणि जेरी कँट्रेल यांची ती विशिष्ट दुहेरी हार्मनी तशीच होती. लोकांनी त्यांना तिच्यावरून ओळखलं.

आर.ई.एम. या बँडचं उदाहरण मला तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं वाटतं. १९८९ च्या मोठ्या दौऱ्यानंतर त्यांनी ‘आउट ऑफ टाइम’ साठी आपापली नेहमीची वाद्यं बाजूला ठेवली. गिटारवादक पीटर बक मँडोलिनकडे वळला, बेसवाला माइक मिल्स कीबोर्डवर बसला, ड्रमर बिल बेरीने काही ठिकाणी बेस धरला. म्हणजे कामांची फेरवाटणीच, तीही शब्दशः. १९९२ च्या ‘ऑटोमॅटिक फॉर द पीपल’ मध्ये ते आणखी शांत झाले, आणि त्यातल्या चार गाण्यांची तंतुवाद्यांची रचना लेड झेपलिनच्या जॉन पॉल जोन्सने केली. या दोन्ही अल्बमसाठी त्यांनी दौरा केला नाही. मंचावर मवाळ संच नेणं ही वेगळी अडचण आहे: अकूस्टिक गिटार मोठ्या आवाजात फीडबॅक देते, आणि गप्पा मारणारा श्रोतृवर्ग हळू गाण्याला गिळून टाकतो. त्यांच्याकडे दौरा टाळण्याची सोय होती. तुमच्याकडे ती आहे का, तुम्ही कुठल्या जागी वाजवता, लोक बसून ऐकतात की उभं राहून, यावर तुमचा संच ठरेल. उभ्या गर्दीसमोर मी नवी गाणी सलग दोनपेक्षा जास्त ठेवणार नाही. आणि १९९४ मध्ये ‘मॉन्स्टर’ घेऊन आर.ई.एम. पुन्हा दणक्यात गिटारींकडे आले, हेही ड्रमरला सांगा. मवाळ अल्बम काढला म्हणून जोरात वाजवण्याचा हक्क कोणी काढून घेत नाही.

पुढच्या तालमीसाठी असं करा. सगळ्यात पोकळ वाटणारं एकच गाणं घ्या. आधी फक्त बेस, ड्रम्स आणि गाणारा आवाज, गिटार अजिबात नाही. दोन-तीन पट्ट्यांत गाऊन बघा, टेम्पो चार-पाच बीपीएमने (मिनिटाला ठोक्यांनी) मागेपुढे करा. या तिघांवर गाणं चालतं झालं की पहिली गिटार आणा, तीही जिथे काही कमी पडतंय तिथेच. दुसरी गिटार सर्वांत शेवटी. जिथे तिला काही काम उरलं नाही, तिथे तिने गप्प बसावं किंवा त्या माणसाने ऑर्गन, शेकर, हार्मनी यांपैकी काही उचलावं. प्रत्येक टप्पा फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सारख्या आवाजात ऐका. कोणत्या टप्प्यावर गाणं भरलं आणि कोणत्या टप्प्यापासून उगाच दाटी झाली, हे तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल. त्या गाण्याचे दोन टप्पे इथे टाकलेत, तर मी ऐकून नेमकं सांगू शकेन.